गावाबाहेर ठेवलेला शब्द

आम्ही त्यांना काऊन सर म्हणायचो. तोंडावर नाही, पाठीमागं. तोंडावर म्हटलं असतं तरी ते रागावले नसते. "काऊन म्हणता बाप्पा?" असं विचारलं असतं आणि मग आम्हाला कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा आमचा सगळ्यांचा हिशेब होता.

काऊन म्हणजे का, आणि कारण विचारायचा त्यांना नादच होता. चहाच्या टपरीवर टपरीवाला म्हणाला, "बसा सर, गप्पा मारू," की यांचं सुरू. "गप्पा मारतो, चक्कर मारतो, उडी मारतो, बोंब मारतो. मंग झोप काऊन मारत नाई? झोप काढावी काऊन लागते?" टपरीवाला बिचारा दूध उतू जाईपर्यंत विचार करायचा. पुढे पुढे तर सरांची सायकल दिसली की तो स्टोव्हला पंप मारायला खाली वाकायचा आणि ते जाईपर्यंत वर यायचाच नाही. सायकल ते चालवायचे कमी आणि हातात धरून चालायचेच जास्त. चालताना विचार नीट होतो, पायडल मारताना तुटतो, असं त्यांचं म्हणणं. टेरिकॉटचा शर्ट, खिशात खडूचे तुकडे, आणि धुतला तरी त्या खिशाचा पांढरेपणा जात नसे.

ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. आलापल्लीच्या पुढं जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, ऐंशी सालानंतरची वर्षं. वनखात्याचा लाकडाचा डेपो, चार दुकानं आणि एका संस्थेचं हायस्कूल, एवढाच काय तो पसारा. माझे बाबा डेपोत होते. सागाच्या ओंडक्यावर हातोड्याने खात्याचा शिक्का मारायचं त्यांचं काम. शिक्का बसला की लाकूड पास, नाही बसला तर चोरीचं. सरांना बाबांचं हे काम फार आवडायचं. भेटले की म्हणायचे, "भाऊ, तुमच्या हाती हातोडा हाय म्हणून बरं हाय. भाषेतला हातोडा कोणाच्या हाती हाय, तेच मी शोधून राह्यलो." बाबा मान डोलवायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, पोरीच्या सराच्या डोक्याले जरासं लागलेलं दिसते.

इंग्रजीची आम्हाला लाज वाटायची. म्हणजे येत नाही याची तर वाटायचीच, पण तोंडातून एखादा शब्द निघालाच तर त्याची जास्त. कोणी नुसतं 'येस सर' म्हटलं तरी मागच्या बाकावर खी खी व्हायचं. धडा वाचायला उभं केलं की पोरी ओढणीत तोंड घालायच्या, पोरं भिंतीवरची पाल बघायची. सरांनी ही लाज ओळखली होती, कारण ती त्यांच्याही अंगावरून गेली होती.

ती गोष्ट त्यांनीच सांगितली. ते कोरपन्याकडच्या कापूसवाल्या घरातले. शिकायला नागपूरला गेले. कॉलेजात प्राध्यापकांनी विचारलं, म्हातारा मेला हे वाक्प्रचार वापरून सांग. ओल्ड मॅन किक्ड द बकेट, हे यांना पाठ होतं. पण आदल्याच दिवशी कर्मणी प्रयोग शिकले होते आणि अंगात जोर होता. उभे राहून म्हणाले, "द बकेट वॉज किक्ड बाय द ओल्ड मॅन." सगळा वर्ग हसला. प्राध्यापक म्हणाले, चूक. यांनी विचारलं, काऊन सर? प्राध्यापक म्हणाले, चूक आहे म्हणून चूक, बस खाली.

"मी बसलो नाई," सर सांगायचे. "तास संपेपर्यंत उभा. दुसऱ्या दिवशी आल्याबरोबर पुन्हा उभा. मंग ते म्हणाले, बाहेर जा. मी बाहेर उभा."

हे सांगताना ते स्वतः खो खो हसायचे. आम्हाला मात्र हसू येत नव्हतं. आपल्यासारखाच बोलणारा एक पोरगा नागपूरच्या वर्गात उभा आहे आणि सगळे त्याला हसताहेत, हे चित्र आम्हाला इतकं ओळखीचं वाटायचं की आम्ही माना खाली घालायचो.

उत्तर त्यांना कोणी दिलं नाही. त्यांनी ते स्वतःच शोधलं, आणि शोधलं तेही मराठीत. फळ्यावर लिहायचे, म्हाताऱ्याने राम म्हटला. "मेला का म्हातारा?" आम्ही म्हणायचो, मेला. मग लिहायचे, म्हाताऱ्याकडून राम म्हटला गेला. "आता मेला का?" वर्गात गडबड व्हायची. "नाई मेला. आता भजनाले बसला." मग खरा मुद्दा. स्पिल द बीन्स म्हणजे गुपित फोडणं; तिथं द बीन्स वेअर स्पिल्ड म्हटलं तरी चालतं, गुपित फुटलेलंच राहतं. काऊन? "कारण त्या दाण्यात गुपित बसलं हाय. बादलीत कोणी बसलंच नाई. ज्याच्यात कोणी बसलं हाय त्याले पुढं बोलावता येते. रिकाम्या बादलीले पुढं उभं करून काय विचारता?"

हे मला आजही पटतं. पुढं मला इंग्रजीचे बरेच शिक्षक भेटले, पण बादली रिकामी आहे हे कोणी सांगितलं नाही.

त्यांची मार्क द्यायची पद्धतही त्यांच्यासारखीच. उत्तर बरोबर आणि कारण नाही, तर शून्य. उत्तर चूक पण कारण दिलं, तर अर्धे. मी गाईडमधून वाक्प्रचार पाठ करून यायचे. माझे सगळे बरोबर असायचे आणि सगळ्यांना शून्य. शेजारची पोरगी साफ चुकीचं लिहून, खाली आपलं काहीतरी डोकं लावून माझ्यापेक्षा जास्त मार्क घ्यायची. मी घरी येऊन रडले की आई म्हणायची, "त्या सराले एकदा जेवाले बोलाव. पोट भरलं की मानूस कारण नाई विचारत." बोलावलं. जेवताना त्यांनी आईला विचारलं, "बाई, डोळा लागला म्हणजे झोप लागली. अन् डोळे लागले म्हणजे वाट पाहून राह्यलो. एका डोळ्यानं झोप अन् दोन डोळ्यानं वाट, असं काऊन?"

आई वाढता वाढता थांबली. म्हणाली, "झोपाले एक डोळा पुरते सर. वाट पाहाले दोन्ही लागते." सरांनी हातातला घास तसाच ताटात ठेवला आणि म्हणाले, "बाई, पूर्ण मार्क." त्यानंतर कितीतरी दिवस आई ओट्यावर बसून हे शेजारणींना सांगायची.

बैठकीची कल्पना त्यांनी चैतूच्या गावाहून आणली. चैतू आमच्या वर्गातला माडिया आदिवासी पोरगा, होस्टेलात राहायचा. तो तापाने फणफणला तेव्हा सर त्याला सायकलवर घालून आत जंगलात त्याच्या गावी पोचवायला गेले. त्या दिवशी तिथं मोहाच्या झाडाखाली बैठक बसली होती. कोणीतरी गुन्हा केला होता. सरांनी पाहिलं, की आधी सगळ्यांना पाणी दिलं, गुन्हेगारालाही. कोणी हसलं नाही. दोन्ही बाजूंनी बोलून झालं, मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि जे ठरलं ते मुखियालाही लागू. ज्याला गावाबाहेर काढलं त्याची वाटही बंद नाही. पुढं त्याची बाजू घेऊन कोणी आलं, गावाला ती पटली आणि गावाला जेवण दिलं, की तो पुन्हा गावात.

झालं. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी शाळेमागच्या मोहाखाली आमची बैठक. आरोपी म्हणजे पाटीवर लिहिलेलं एक इंग्रजी वाक्य, दगडाला टेकवून ठेवलेलं. एक तक्रारदार, एक वकील, पाळीपाळीनं. आधी माठातलं पाणी सगळ्यांना, एकाच पेल्यानं. वाक्याला कोणी हसलं तर त्यानं उठून वाक्याच्या शेजारी उभं राहायचं. शेवटी हात वर. तक्रारदार आणि वकील सोडून सगळ्यांना हात, सरांनाही एकच. वाक्य चूक ठरलं तर पाटी कुंपणाच्या बाहेर. आणि बैठक उठताना सर दर वेळी विचारायचे, "बाहेरच्यासाठी कोणी कारण आणलं का?" कारण आणणाऱ्यानं सगळ्यांना काहीतरी खाऊ घालायचं, ही पंगत.

एकाच पेल्यातलं पाणी घ्यायला पहिल्या शनिवारी काही पोरं कचरली. पेला माझ्या आधी कोणाकडे जातो आणि माझ्यानंतर कोणाकडे, हे मी बघत होते. आमचं घर बौद्ध. शाळेत कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण पेला अडखळायचा तो बरोबर माझ्यापाशी येऊनच. सरांनी आपली जागा बदलली आणि माझ्यानंतर येऊन बसले. मी प्यायले, की ते प्यायचे. मग पेला पुढं सरळ जायचा.

बाय अँड लार्ज, म्हणजे एकंदरीत, हा वाक्प्रचार आम्ही असाच बाहेर काढला होता. बाय आणि लार्ज यांची जोडीच लागत नाही, एक लंगडा आणि एक लठ्ठ, असं तक्रारदार म्हणाला आणि सगळ्यांनी हात वर केले. पाटी कुंपणाबाहेर उन्हात पडून राहिली. मला तिची दया येत होती. एक दिवस आई बाबांवर चिडून म्हणाली, "आडवंतिडवं बोलू नका." आणि मला कारण सापडलं. आडवं ठीक, पण तिडवं म्हणजे काय? तिडवं एकटं कुठं जातं? आडव्याचा हात धरूनच येतं, आणि गाव त्याला काही विचारत नाही. घरजावयासारखं. त्याचं आडनाव वेगळं, चालरीत वेगळी, पण एवढी वर्षं घरात आहे तर घराचाच.

हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा सर उठून उभे राहिले. बाय अँड लार्ज गावात आला. आईनं टोपलंभर बरबटी, म्हणजे चवळी, उकडून दिली होती, मीठ-मिरची लावून. पंगतीत टोपलं फिरताना दोन-तीन पोरी पोट दुखतं म्हणाल्या. सरांनी टोपल्यातून पहिली मूठ घेतली आणि म्हणाले, "पोट दुखते म्हणता, ठीक. पण काऊन दुखते ते सांगा." कारण कोणालाच सांगता आलं नाही. सगळ्यांनी खाल्लं.

तर असे सर. आता जे सांगायचं आहे ते त्या तपासणीच्या दिवसाचं.

शाळेच्या दहावीच्या वर्गाला कायम मान्यता मिळायची होती, आणि सरांची नोकरीही तोवर तात्पुरतीच. दोन्ही शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर. साहेब नवीन बदलून आलेले, पुण्याकडचे. आले ते नेमके शनिवारी. हेडमास्तर आदल्या दिवशी प्रत्येक वर्गात येऊन सांगून गेले, "साहेबासमोर तोंड सांभाळून बोला. अन् सर, उद्या ते बैठक-फैठक काई नको." सर म्हणाले, "उद्या शनिवार हाय."

साहेब वाईट नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते वाईट असते तर सगळं सोपं झालं असतं. हसरा चेहरा, मऊ आवाज. वर्गात आले, पोरांच्या पाठीवरून हात फिरवला, माझ्यापुढं थांबले. "तुला इंग्रजी आवडतं का गं?"

मी म्हटलं, "हो सर, मले लय आवडते."

"मले नाही बाळ. मला." ते हसून म्हणाले. मग सरांकडे वळले. "तुमचं इंग्रजी चांगलं चाललंय असं ऐकतो. पण आधी यांची मराठी शुद्ध करा. उद्या ही मुलं बाहेर गेली की लोक हसतील त्यांना."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. असं वाटलं की आपण घरातला फाटका परकर घालून शाळेत आलो आहोत आणि ते आत्ता कोणीतरी सांगितलं.

सर म्हणाले, "साहेब, ही तुमची तक्रार झाली. तक्रार हाय म्हणजे बैठक बसवावी लागन."

हेडमास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. साहेबांना मात्र गंमत वाटली. म्हणाले, बसवा की. मोहाखाली त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, पण ते खुर्चीवर बसले नाहीत, आमच्यासारखेच सतरंजीवर बसले. माठातलं पाणी त्याच पेल्यानं प्यायले. पाटीवर सरांनी लिहिलं, मले. पाटी दगडाला टेकवली. वकिलाची पाळी त्या शनिवारी माझी होती.

मी भांडले. अगदी मनापासून भांडले. विचारलं, "साहेब, बाय अँड लार्ज बरोबर हाय का?"

"आहे."

"काऊन?"

"वाक्प्रचार आहे तो. रूढ झालेला."

"म्हंजे साऱ्या लोकायनं तसं म्हटलं म्हणून?"

"हो, तसंच काहीसं."

"मंग 'मले' बी साऱ्या लोकायनं म्हटलं. माह्या मायनं म्हटलं, तिच्या मायनं म्हटलं. इथी साऱ्यायचा हातोडा त्याच्यावर पडला हाय. मंग ते चोरीचं कसं झालं?"

साहेब म्हणाले, "शाबास." खरंच म्हणाले, टाळीही वाजवली. सर समोर बसले होते, त्यांचे डोळे ओले झाले होते. मग साहेब माझ्याशी बोलायचं सोडून वर्गाकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या शब्दाला मी वाईट म्हणत नाही. मला फक्त एवढं सांगा, मोठेपणी बाहेर जायचंय कोणाकोणाला? चंद्रपूर, नागपूर, पुणं, नोकरीला?"

सगळे हात वर गेले.

"तिथं पहिल्या दिवशी तोंड उघडाल, तेव्हा काय म्हणाल?"

सगळे पाटीकडे बघायला लागले. मग सरांनी नेहमीसारखं विचारलं, आरोपीले गावाबाहेर काढावं असं कोणाकोणाले वाटते? एक हात वर गेला, मग दोन, मग सगळेच. चैतू शेवटी राहिला होता. त्याच्या घरी माडिया बोलायचे. मले काय आणि मला काय, दोन्ही त्याला सारखंच परकं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि त्यानंही हात वर केला. खाली राहिला होता तो फक्त सरांचा हात.

मला हात नव्हता, मी वकील होते. त्यामुळे माझ्याकडे बोट दाखवायला जागा नाही, आणि मी पुष्कळ वर्षं स्वतःला तसं सांगितलंही. पण हरल्यावर मला काय वाटलं ते मला माहीत आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. बरं झालं, गेलं एकदाचं, असं वाटलं. इतकं चांगलं भांडूनही आपण हरावं अशीच आपली इच्छा होती, ही लाज मी कोणापुढं ठेवू?

सरांनी स्वतः पाटी उचलली आणि कुंपणाबाहेर, बेशरमाच्या झुडपांपाशी ठेवून आले. हात झटकले. म्हणाले, "बैठकीचा निकाल साऱ्यायले लागू." आम्हाला वाटलं, म्हणायची पद्धत आहे.

सोमवारी सर वर्गात आले आणि म्हणाले, "मुलांनो, मला खडू द्या."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी निकाल पाळायला घेतला होता. नुसतं मले नाही. त्याची भावंडं म्हणून तुले, त्याले, आम्हाले, सगळं सोडलं, आणि ते सोडता सोडता बाकीचंही गळत गेलं. ते बोलायचे तेव्हा दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं वाटायचं. वाक्य सुरू करायचे, 'म'वर येऊन अडायचे, मग तोंडातलं वाक्यच गिळायचे. राम म्हणणारा म्हातारा त्यांनी पुन्हा एकदा सांगितला, शुद्ध मराठीत. कोणालाही हसू आलं नाही. 'काऊन'चं 'का' झालं, आणि 'का' म्हटल्यावर आम्हाला उत्तर द्यावंसं वाटेना.

साहेबांचा शेरा उत्तम आला. शाळेला मान्यता मिळाली, सर कायम झाले, हेडमास्तरांनी पेढे वाटले. नुकसान कोणाचं झालं नाही, असंच सगळे म्हणाले.

बैठक चालू राहिली. दर शनिवारी उठताना सर विचारायचे, "बाहेरच्यासाठी कोणी कारण आणलं का?" आणि विचारून जरा जास्त वेळ थांबायचे. आम्ही चपला शोधायला लागायचो. आमच्या शेवटच्या शनिवारीही त्यांनी विचारलं. पावसानं पाटीवरचं अक्षर तोवर कधीच धुऊन गेलं होतं.

त्याच वर्षी पालकांची सभा होती. आई चुलीपुढं बसून होती, नवं लुगडं खाटेवर काढून ठेवलेलं. मला म्हणाली, "तुमच्या शाळेत ते 'मले' काढून टाकलं म्हणते ना वो. मंग मी येऊ का नको?"

टोमणा मारला असता तरी चाललं असतं. पण ती खरंच विचारत होती. मी काय म्हटलं ते आठवत नाही. ती आली नाही, एवढं आठवतं. सभेत सरांनी मला विचारलं, "आई कुठे आहेत?" आणि मी सांगितलं, बरं नाही त्यांना. आईला मी 'त्यांना' म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढं मी चंद्रपूरला नर्सिंग केलं. 'मला' म्हणायला लागले, ते जिभेवर बसलंही. कोणी हसलं नाही, साहेबांचं म्हणणं खरं होतं. दशक संपता संपता माझी बदली कोरपन्याच्या दवाखान्यात झाली. तोवर तिकडे सिमेंटचे कारखाने आले होते. वॉर्डात आसपासच्या खेड्यातल्या, जिवतीच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या यायच्या. मी विचारायचे, "आजी, तुम्हाला कुठं दुखतंय?" त्या म्हणायच्या, काही नाही. डॉक्टर पुढं जायचे. एका दुपारी एक म्हातारी पोट धरून पडली होती आणि तरी काही नाही म्हणत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "माय, कुठी दुखून राह्यलं वो तुले?" ती रडायलाच लागली आणि सगळं सांगितलं, कधीपासून, कसं, सून काय म्हणते तेसुद्धा. त्या दिवसापासून मी वॉर्डात तसंच विचारू लागले. स्टाफरूममध्ये आले की पुन्हा 'मला'.

आणि एक दिवस सरच आले. त्यांचं गाव तिथून जवळच, म्हातारी आई पडून कमरेचं हाड मोडलं होतं. मी पडद्यामागून ऐकलं, सर आईला म्हणत होते, "तुले पानी देऊ का? मले सांग ना वो माय, काऊन उगी हाय?" तोच आवाज, तेच घोळून बोलणं. मला वाटलं, बरं झालं, विसरले ते. मी पडदा सारून पुढं झाले. त्यांनी मला ओळखलं, उभे राहिले, आणि तोंडातली वाक्यं जागच्या जागी बदलली.

"तू इथे आहेस होय? मला फार आनंद झाला."

त्या बैठकीतलं कोणीही समोर आलं की ते अजून निकाल पाळत होते. मी म्हटलं, "सर, सोडा ना आता ते. शाळा सुटून किती वर्षं झाली."

"निकाल बैठकीचा आहे," ते म्हणाले. "कोणी कारण आणलं का?"

दुसऱ्या दिवशी मी बरबटी उकडून नेली. दुपारी वॉर्ड शांत होता. म्हातारीच्या खाटेशी सरांनी आधी माठातून पाणी आणलं, एका पेल्यानं आईला पाजलं, मग मला दिलं, मग आपण प्यायले. मी वकिलासारखी उभी राहिले आणि कारण सांगितलं. म्हटलं, कुठं दुखतंय विचारलं की काही नाही म्हणतात, आणि कुठी दुखून राह्यलं विचारलं की सांगतात. ज्या शब्दात दुखणं सांगता येतं तो चूक कसा असेल? बादली रिकामी नाही सर. आत माणूस बसला आहे.

सरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "कारण चांगलं आहे. पूर्ण मार्क." आणि वॉर्डभर नजर फिरवली. दोन खाटा भरलेल्या, बाकी रिकाम्या. "पण हात कोण वर करणार? बैठक तर उठून गेली."

खरंच कोण होतं? कोणी नागपूरला, कोणी पुण्याला. चैतू आश्रमशाळेत मास्तर झाला होता आणि पोरांना शुद्ध मराठी शिकवत होता. मी एकटी, आणि वकिलाला हात नसतो.

मी डबा पुढं केला. सरांनी पहिली मूठ घेतली, तशीच, टोपल्यातून घेतली होती तशी. चावून चावून खाल्ली. म्हणाले, "छान झाली आहे. मला आवडली."

म्हातारीनं उशीवर मान वळवली. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे पोरगी कोन हाय रे? तिच्यासंगं असा सायबावानी काऊन बोलून राह्यला तू?"

सर खाली बघत बरबटी चावत राहिले. म्हातारी माझ्याकडे बघत होती, उत्तर माझ्याकडूनच हवं असल्यासारखी. मी तिच्या तळहातावर चार दाणे ठेवले. तिनं विचारलं होतं ते बरोबर होतं आणि कारणही मला माहीत होतं, पण ते तिला सांगायची मला लाज वाटली.